सोलापुरात मिळणारा 'ॲक्सोलॉटल सेट': टाकी ठीक, पंखा अपुरा, खडी फेकून द्या

निकाल आधीच सांगतो. ॲक्वेरियमच्या दुकानात ॲक्सोलॉटल या पाण्यातल्या प्राण्याच्या पिल्लांसकट 'रेडी सेट' म्हणून जे मिळतं, त्यातली टाकी कामाची आहे आणि फिल्टर थोडा दुरुस्त करून चालतो. खडी, किल्ला, खाद्याच्या गोळ्या (पेलेट) आणि काचेवर चिकटवायचा थर्मामीटर यांचे पैसे वाया जातात. ज्या वस्तूवर पिल्लं उन्हाळा काढणार, तो चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, सेटमध्ये नसतोच. हा मूळचा गोल्डफिशचा सेट आहे, त्यात फक्त प्राणी बदललाय.

दुकानाचं नाव देत नाही, कारण दोष एका दुकानाचा नाही, सेटच्या रचनेचा आहे. आत असतं ते असं: दोन फुटी काचेची टाकी (६० × ३० × ३६ सेंटिमीटर, वर थोडी जागा सोडून साधारण ५५ ते ६० लिटर), मागे टांगायचा हँग-ऑन फिल्टर, एलईडी पट्टी, निळी-पांढरी खडी, रेझिनचा किल्ला, टाकीच्या कडेला अडकवायचा छोटा पंखा, स्टिकर थर्मामीटर, पेलेटची डबी, औषधाची एक रंगीत बाटली आणि पाच-सहा सेंटिमीटरची दोन पिल्लं. उष्णतेचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "पंखा लावा ओ, काय होत नाय."

होतं. ॲक्सोलॉटल हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्को तळ्याचा प्राणी. बेडकाच्या कुळातला नाही, सॅलमँडर म्हणजे शेपटीवाला उभयचर आहे. आयुष्यभर कल्ले घेऊन पाण्यातच राहतो. त्याला १६ ते १८ अंश पाणी मानवतं, २० पर्यंत चालतं. २४ च्या वर दिवसामागून दिवस गेले की आधी भूक जाते, मग कल्ल्यांवर पांढरी बुरशी धरते, मग प्राणी जातो. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद खोलीतली टाकी ३२-३३ अंशांवर जाऊन बसते. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: १८ अंशांना लिटरमागे साडेनऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. शरीराची गरज वाढलेली आणि पाण्यातला पुरवठा घटलेला, अशी दोन्हीकडून कोंडी होते.

पंख्याला सरसकट नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे बाष्पीभवन इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगलं चालतं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. पण त्याला तळ आहे. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या फडक्यातला थर्मामीटर २२ च्या आसपास थांबतो, आणि पंखा टाकीला त्याच्या खाली कधीच नेऊ शकत नाही. प्रत्यक्षात काचेतून उष्णता आत येतच राहते, म्हणून टाकी २६-२७ वर अडते. जुलैत हवा दमट झाली की तेवढंही होत नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, हाच पंखा पाणी १९-२० वर आणून ठेवतो आणि तेव्हा तो पुरतो. वर्षातून दोन-अडीच महिने कामाला येणारी वस्तू म्हणून त्याला पाचपैकी दोन गुण. पंखा चालू असताना रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं. ती भर बोअरच्या पाण्याने घातली तर क्षार साठत जातात, म्हणून भर घालायला आरओचं पाणी वापरावं.

स्टिकर थर्मामीटरबद्दल एकच वाक्य पुरे: त्याचे आकडे बहुधा १८ पासूनच सुरू होतात आणि तो पाण्याइतकाच खोलीतल्या हवेलाही मोजतो. पाण्यात सोडायची वायर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, शक्यतो दोन, म्हणजे एक चुकला तर दुसरा सांगेल.

आता चिलर. दोन फुटी टाकीला १/१० हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसरवाला चिलर लागतो. त्याची किंमत ऐकून माणूस मागे सरकतो, कारण अख्ख्या सेटपेक्षा ती जास्त असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो प्रकार इथे शब्दशः आहे. बाजारात 'मिनी चिलर' नावाने स्वस्तातला एक डबा मिळतो, तो घेऊ नका. त्यात कॉम्प्रेसर नसून पेल्टियर चकती असते. ती एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होते, आणि गरम बाजूची उष्णता खोलीतल्या हवेत सोडावी लागते. हवाच ३८ अंशांची असेल तर ती बाजू नीट निवत नाही आणि थंड बाजूचा जोर निघून जातो. दहा-पंधरा लिटरच्या टबाला तीन-चार अंशांचा फरक पाडायला ठीक, ६० लिटरला काही उपयोग नाही.

"बर्फाच्या बाटल्या टाकू की," असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. खोली ३६ अंशांवर आणि पाणी १८ वर ठेवायचं असेल तर या मापाच्या उघड्या काचेच्या टाकीत सतत सुमारे ९० वॉट उष्णता शिरते. एक लिटरची गोठवलेली बाटली वितळून १८ अंशांपर्यंत येताना ६० लिटर पाणी जेमतेम दीड अंशाने उतरवते. दिवसभराची ती ९० वॉट काढायला अशा वीसेक बाटल्या लागतील. घरच्या फ्रीजरमध्ये वीस बाटल्या रोज गोठत नाहीत. शिवाय बाटली टाकली की पाणी झपकन उतरतं आणि तासाभराने पुन्हा चढतं. हा झोका पिल्लांना स्थिर २२ अंशांपेक्षा वाईट. बाटल्या वीज गेली तरच, आणि तेव्हाही एका वेळी एक.

उष्णता आतच येऊ न देणं सगळ्यात स्वस्त. टाकीच्या खाली, मागे आणि दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर जाडीचा थर्मोकोल लावा, झाकणावरही हवेपुरती फट सोडून एक तुकडा ठेवा. फक्त पुढची काच उघडी. एवढ्याने आत येणारी उष्णता निम्म्याहून खाली येते आणि खर्च स्टेशनरीच्या दुकानातल्या दोन-तीन शीटचा. सोलापुरी चादर गुंडाळून भागेल का, तर कोरडी असेपर्यंत थोडं भागतं. पण टाकीशी पाणी सांडणारच, आणि ओली चादर आठवड्यात कुबट वास मारते. थर्मोकोलच बरा.

चिलर बसवताना चुका कुठे होतात ते बघा. तो उष्णता नष्ट करत नाही, पाण्यातून काढून खोलीत फेकतो. म्हणून बंद कपाटात किंवा टाकीच्या स्टँडच्या आत ठेवला की स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो आणि पाणी उतरत नाही. मागे-बाजूला फूटभर मोकळी जागा हवी, खोलीला खिडकी हवी. पाइप आखूड ठेवा आणि एसीच्या नळीवर चढवतात तो काळा फोम त्यावर चढवा. एसी दुरुस्तीवाल्यांकडे मीटरवर मिळतो. पाणी खेचणारा पंप लागेल तेवढाच मोठा घ्या, कारण पाण्यात बुडवलेला २५ वॉटचा पंप म्हणजे २५ वॉटचा हीटरच, आणि तो चोवीस तास चालतो. चिलरच्या पुस्तिकेत तासाला किती लिटर प्रवाह हवा हे लिहिलेलं असतं, त्याच्या खालच्या टोकाला राहा. परत येणारं पाणी सरळ टाकीत सोडू नका. भोकं पाडलेली आडवी नळी लावून तिची तोंडं मागच्या काचेकडे वळवा. ॲक्सोलॉटलला वाहतं पाणी सोसत नाही. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं आणि कल्ले पुढे झुकलेले दिसले की पहिला संशय प्रवाहावर घ्या.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच पुस्तिकेत नसते. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला घर असेल, आसपास यंत्रमाग असतील, तर हवेत कापसाचा फुफाटा असतो. चिलरच्या जाळीवर तो आठ-दहा दिवसांत नमद्यासारखा बसतो. जाळी चोंदली की कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, निवत नाही, कॉम्प्रेसर न थांबता चालतो, आकडा २१-२२ वर अडकतो आणि लोक गॅस संपला म्हणून मेकॅनिक बोलावतात. आधी जाळी काढून जुन्या टूथब्रशने झाडा. एअर पंपाच्या बुडाला असलेली फेल्टची चकतीही त्याच फेरीत बघा, तीही तशीच भरते.

विजेचं: हा चिलर चालू असताना १५० ते २०० वॉट खातो. थर्मोकोल लावला असेल तर भर उन्हाळ्यात दिवसाला दहा-बारा तास चालतो, न लावता पंधरा-सोळा. म्हणजे लावून महिन्याला साधारण ५० ते ७० युनिट, वर पंपाचे १८. आधीच ८०-९० युनिटांत बसणारं घर यामुळे महावितरणच्या शंभरच्या पुढच्या टप्प्यात जातं, तेव्हा बिलात फक्त वाढीव युनिट नाही, वाढीव दरही दिसतो. सेटिंग १६ न ठेवता १८ ठेवलं तर प्राण्याचं काही बिघडत नाही आणि कॉम्प्रेसरचा वेळ वाचतो. वीज सारखी जात-येत असेल तर स्टॅबिलायझर लावा. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर टाकू नका, त्यावर फक्त एअर पंप ठेवा.

आता पिल्लांकडे. सेटमध्ये दोन पिल्लं एकाच टाकीत सोडायला सांगतात. पाच-सहा सेंटिमीटरच्या वयात ती एकमेकांना चावतात. रागाने नव्हे, नजर अधू, आणि समोर काहीही हललं की तोंड उघडून ओढायचं एवढंच त्यांना ठाऊक. पुढचे पाय फुटतात तेव्हापासून, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटरपासून, ते सात-आठ सेंटिमीटर होईपर्यंत हा धोका सगळ्यात जास्त. तुटलेला पाय काही आठवड्यांत परत येतो म्हणून दुकानदार हसण्यावारी नेतात. पण दर वेळी पाय येताना वाढ मागे पडते आणि उघडी जखम बुरशीला आमंत्रण देते. घेताना चारही पायांची बोटं मोजा: पुढे चार-चार, मागे पाच-पाच. कल्ल्यांच्या दांड्यांवर झालर भरगच्च हवी. तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. न खाणारं पिल्लू घेऊ नका. पोट फुगून वर तरंगणारं तर अजिबातच नको.

पिल्लांना वेगळं ठेवायला वेगळ्या टाक्या लागत नाहीत, इथे सेटची टाकी खरी उपयोगी पडते. पहिले दोन-तीन महिने तिला टाकी म्हणून नव्हे, थंड पाण्याची परात म्हणून वापरा. दोन-दोन लिटरचे, १४ सेंटिमीटर चौरस तळाचे प्लास्टिकचे डबे घ्या. टाकीत दोन ओळींत सहा डबे बसतात आणि एका टोकाला पंप व परतीच्या नळीला जागा उरते. टाकीत ९ सेंटिमीटर पाणी भरा आणि ते चिलरमधून फिरवा. डब्यांत १० सेंटिमीटर. आतली पातळी बाहेरच्यापेक्षा जरा जास्त असली की डबा जागचा हलत नाही, कमी असली की तरंगतो आणि कलंडतो. प्रत्येक डब्यावर भोकं पाडलेलं झाकण, कारण पिल्लं उडी मारतात. चिलरचं पाणी डब्यांत जात नाही, फक्त बाहेरून गार करतं. त्यामुळे एका डब्यात बुरशी धरली तरी शेजारी पसरत नाही, आणि पिल्लू पंपात ओढलं जाण्याचा प्रश्नच संपतो. डब्यातलं पाणी परातीपेक्षा अर्धा-एक अंश मागे राहतं, म्हणून चिलर १७ वर लावा. एवढ्या थोड्या पाण्यावर तो सारखा चालू-बंद होतो, त्यामुळे सेटिंगमध्ये फरकाचा आकडा (पाणी किती अंश चढल्यावर चिलर पुन्हा चालू व्हायचा तो) असेल तर तो एकऐवजी दोन अंश करा.

डब्यांना फिल्टर नसतो, म्हणून पाणी रोज पूर्ण बदलायचं. यात आळस चालत नाही, त्याचं कारण आपल्या पाण्यात आहे. इथल्या बोअरचं पाणी क्षारयुक्त आणि अल्कधर्मी. पीएच ८ असेल तर विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग १८ अंशांना सुमारे ३.३ टक्के असतो, २८ अंशांना ६.५ टक्के. तेवढीच घाण, पण पाणी तापलं की दुप्पट विष. जड पाणी ॲक्सोलॉटलला तसं मानवतंच, मऊ पाण्यापेक्षा बरंच बरं. म्हणून जारचं थंडगार आरओ पाणी सरळ ओतण्याचा मोह टाळा. गार आहे हे खरं, पण त्यात क्षार उरलेलेच नसतात. वापरायचंच तर बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळून.

नळाच्या पाण्याचा वेगळा पेच. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, ते आपण टाकीत साठवतो आणि गच्चीवरची काळी टाकी मे महिन्यात चहाच्या आधणासारखी तापते. पाणी आलं त्या दिवशी क्लोरीनचा वास नाकाला कळतो. क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेटचे खडे रसायनांच्या दुकानात स्वस्त मिळतात. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवा. दहा लिटर पाण्याला यातलं दीड मिलिलिटर घातलं की लिटरमागे दोन मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन जातो. सिरिंजने मोजा, अंदाजे बूच भरून नको. खात्रीसाठी ओटीची (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासायचं द्रावण) बाटली येते: दोन-तीन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन अजून आहे. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, टाकीत परत नाही. गार करायला सोपी युक्ती अशी की क्लोरीन मारलेल्या पाण्याच्या एकेक लिटरच्या सहा बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. पाच अंशांचं ते आणि तीस अंशांचं साठवणीतलं निम्मं-निम्मं मिसळलं की साडेसतरा. सहा डब्यांना रोज बारा लिटर लागतं, सेटमधल्या दोघांना चारच.

हँग-ऑन फिल्टरचं काम पिल्लं आठ-दहा सेंटिमीटरची होऊन मोठ्या पाण्यात गेली की सुरू होतं. आहे तसा लावला तर दोन दोष. पाणी ओढणाऱ्या नळीच्या फटी इतक्या रुंद असतात की कल्ले अडकतात, आणि परतीचा धबधबा दोन फुटी टाकीत सगळीकडे ओढ तयार करतो. नळीच्या तोंडावर स्पंजची टोपी चढवा आणि धबधब्याखाली स्पंजचा तुकडा अडकवून जोर मोडा. त्यापेक्षा दोन साधे स्पंज फिल्टर आणि एक एअर पंप बरा. दोन कारण एक धुतला तरी दुसऱ्यात अमोनिया पचवणारे जिवाणू टिकून राहतात. स्पंज नळाखाली कधीच नाही, टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा.

टाकी 'पिकायला', म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी विषारी नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजमध्ये वसायला, चार ते सहा आठवडे लागतात, आणि १८ अंशांना त्याहून जास्त. म्हणून पिल्लं डब्यात असतानाच हे काम वेगळ्या बादलीत किंवा जुन्या टबात उरकून घ्या. स्पंज फिल्टर चालू ठेवायचे, चिलर नको. सोलापूरची गरमी इथे फुकटात मदत करते, २८-३० अंशांना जिवाणू झपाट्याने वाढतात. अमोनियासाठी नवसागर चालतो, मात्र कल्हईवाल्याकडचा नव्हे, प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध. ६० लिटरला ०.३६ ग्रॅम म्हणजे अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम). बादलीत त्याच प्रमाणात कमी. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले आणि नायट्रेट दिसू लागलं की फिल्टर तयार. मग पाणी बदलायचं, स्पंज टाकीत हलवायचे आणि चिलर लावायचा. दुकानदार "बॅक्टेरियाचं लिक्विड घाला, उद्या सोडा" म्हणतील. घाला हवं तर, पण टेस्ट किटच्या शून्याशिवाय सोडू नका.

खडी. ॲक्सोलॉटल भक्ष्य पाण्यासकट ओढून घेतो आणि समोरची खडीही ओढतो. तोंडात मावेल तेवढा प्रत्येक खडा पोटात जाऊ शकतो आणि आतड्यात अडकतो. पूर्ण फेकून द्या. पण नुसत्या काचेवर पाय घसरतात, त्याला इथला एक झकास उपाय आहे: शहाबादी फरशी, पॉलिश न केलेली. फरशीवाल्याकडे कापलेले तुकडे पडलेले असतात. तळाच्या मापाचा कापून घ्या, कडा घासून बोथट करा, ॲसिडने न धुता नुसत्या पाण्याने आणि ब्रशने धुवा. हा चुनखडीचाच दगड, त्यामुळे आपल्या जड पाण्यात तो फारसा विरघळत नाही, आणि थोडा विरघळला तरी ॲक्सोलॉटलला चालतो. विष्ठा फरशीवर स्पष्ट दिसते आणि ड्रॉपरने लगेच उचलता येते.

किल्ल्याच्या जागी तीन इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा किंवा अर्धं मंगलोरी कौल. कडा घासलेल्या हव्यात, कारण याची कातडी बेडकासारखीच नाजूक. पापण्या नसलेल्या प्राण्याला एलईडीचा झगझगीत उजेड नकोच असतो. पट्टी मित्रमंडळी बघायला आली की दहा मिनिटं लावा.

औषधाच्या बाटलीवर आधी घटक वाचा. मॅलाकाइट ग्रीन किंवा फॉर्मॅलिन लिहिलं असेल तर ती माशांना ठेवा, ॲक्सोलॉटलच्या पाण्यात नाही. कातडीतून रसायन सरळ आत जातं. कल्ल्यावर कापसासारखा पुंजका दिसला तर बहुतेक वेळा आधी पाण्याचं तापमान आणि अमोनिया बघावा लागतो, बाटली नंतर.

खाण्यात सेट सगळ्यात कच्चा आहे. डबीतले पेलेट तरंगणारे आणि धान्याचे. ॲक्सोलॉटल तळाशी खातो आणि पूर्ण मांसाहारी आहे. पेलेट द्यायचेच तर बुडणारे, मऊ होणारे, ४० टक्क्यांहून जास्त प्रथिनांचे. खरं अन्न गांडूळ. गांडूळखताच्या प्रकल्पांवर किलोवर मिळतात, पण जात बघून घ्या. लाल, आडव्या पट्ट्यांचं बारीक गांडूळ कडवट पिवळा रस सोडतं आणि पिल्लं ते थुंकतात. दुसरं काही मिळालं नाही तर तुकडे करून चांगलं धुऊन द्या. जाड, जांभळट तपकिरी आफ्रिकन जातीचं बिनतक्रार खातात. रासायनिक खत-फवारणीच्या शेतातलं नको. पाच-सहा सेंटिमीटरच्या पिल्लाला दिवसातून दोनदा, एक सेंटिमीटरचे दोन-तीन तुकडे. तुकड्याची जाडी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून कमी हवी. चिमट्याने नाकासमोर हलवा. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर काढून घ्या. ट्युबिफेक्स हा बारीक लाल किडा स्वस्त आहे म्हणून देतात. तो गटारात वाढतो आणि जंतू बरोबर आणतो.

कोणी याहून लहान, नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं देऊ केली तर आधी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव, अंडी विकत मिळतात) सोय करा. एक सेंटिमीटरच्या पिल्लाला पोटातला बलक दोन-तीन दिवस पुरतो, मग हलणारंच अन्न लागतं, मेलेलं त्याला दिसतच नाही. प्लास्टिकची बाटली उलटी टांगून त्यात एक लिटर पाणी, २५ ते ३० ग्रॅम मीठ, दोन ग्रॅम अंडी आणि तळापासून जोरात हवा. २६ ते २८ अंशांना चोवीस तासांत फुटतात. इथे हीटरची गरज नाही, उलट मे महिन्यात बाटली खोलीतल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवावी लागते. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, तळाशी बॅटरी धरा. जिवंत नारिंगी ढग उजेडाकडे खाली येतो, टरफलं वर राहतात. खालचंच काढून पातळ मलमलीतून गाळा आणि गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लाच्या पोटात गेली तर पोट गच्च होतं. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांतच मरतात आणि पाणी नासवतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ थोडं-थोडं.

दोन फुटी टाकीबद्दल दुकानात "जोडी आरामात राहते" सांगतात. वर्ष-दीड वर्षात प्राणी २३ ते २५ सेंटिमीटरचा होतो. या टाकीत एकच, दोन ठेवायचे तर तीन फुटी घ्या. नर-मादी तर मुळीच एकत्र नको. एका वेळी शेकड्यांनी अंडी होतात, आणि त्यांचं काय करायचं याचं उत्तर कोणाकडे नसतं. ती कंबर तलावात किंवा हिप्परग्याला सोडायची तर नाहीतच.

घेण्याचा महिना नोव्हेंबर. प्रवासात पिल्लू तापत नाही, चिलर बसवून आकडा स्थिर व्हायला सवड मिळते आणि मार्चपर्यंत पिल्लू डब्यातून बाहेर आलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये कोणी स्वस्तात देत असेल तर तो गिऱ्हाईक नव्हे, जिवंत ठेवायची जबाबदारी दुसऱ्यावर टाकायला माणूस शोधतोय. पुण्या-मुंबईहून मागवलं तर थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फाची पिशवी कागदात गुंडाळून आणि रात्रीच्या गाडीने.

बिल पक्कं मागा. ॲक्सोलॉटल साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे आणि अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. त्यासाठी कुठून घेतला याचा कागद लागतो. कच्च्या चिठ्ठीवर 'मासे २ नग' लिहून देणाऱ्याकडून टाकी घ्या, काच चांगली आहे. पिल्लं घेऊ नका.